आधी निकाल, मग निधी
(नांदेड-लातूर भागात नव्याने रुजू झालेल्या साहेबांसाठी मार्गदर्शिका)

अभिनंदन! आपली बदली मराठवाड्यात झाली आहे आणि प्रशिक्षणात ऐकलेला ‘सोशल इम्पॅक्ट बाँड’ हा शब्द आपण वहीत दोनदा अधोरेखित करून आणला आहे. पहिल्याच आढावा बैठकीत तो काढू नये. आपल्या आरोग्य खात्याला बाँड म्हणजे एमबीबीएस झालेल्या पोरांनी सरकारी दवाखान्यात वर्षभर काढायचा तो, एवढंच ठाऊक आहे; आणि तो कसा टाळायचा हे त्या पोरांना जास्त ठाऊक आहे. तेव्हा आधी ही पुस्तिका वाचावी. वाचून झाल्यावर टेबलाच्या काचेखाली सरकवू नये. तिथे आधीच्या साहेबांची आहे.

पायरी पहिली: खेळ समजून घ्यावा

कल्पना साधी आहे. सरकारला लोकांच्या भल्याचं एखादं काम करवून घ्यायचं असतं, पण ते फसलं तर पैसा वाया घालवल्याचा ठपका नको असतो. मग कोणी गुंतवणूकदार पुढे येतो आणि आपल्या खिशातून पैसे घालतो. एखादी संस्था त्या पैशातून दोन-चार वर्षं काम करते. तिसराच कोणी तटस्थ मूल्यमापक येऊन मोजमाप करतो. ठरलेला निकाल लागला तर सरकार गुंतवणूकदाराला मुद्दल आणि वर नफा देतं. नाही लागला तर त्याचे पैसे बुडाले. जोखीम त्याची, फोटो सरकारचा.

याची सुरुवात २०१० साली इंग्लंडमधल्या पीटरबरो इथल्या तुरुंगात झाली. थोड्या मुदतीची शिक्षा भोगून सुटलेले कैदी पुन्हा गुन्हा करून आत येऊ नयेत म्हणून १७ गुंतवणूकदारांनी मिळून ५० लाख पौंड घातले. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण साडेसात टक्क्यांनी घटलं तर पैसे परत, असं ठरलं होतं. २०१७ साली निकाल लागला तेव्हा ते ९ टक्क्यांनी घटलेलं निघालं. मुद्दल परत आलं, वर दरसाल साधारण ३ टक्के मिळाले. आपल्याकडची मुदत ठेव बरी, असं कोणी म्हणेल. पण कैदी सुधारल्याचं पुण्य मुदत ठेवीत नसतं.

न्यूयॉर्कच्या रायकर्स बेटावरच्या तुरुंगात उलटं झालं. २०१२ साली तिथे गोल्डमन सॅक्स या बँकेने पैसे घातले. काही फरक पडला नाही आणि २०१५ साली कार्यक्रम गुंडाळला. बँकेचे ७२ लाख डॉलर लागले होते, पण बुडाले १२ लाखच. बाकीची हमी तिथले तेव्हाचे महापौर ब्लूमबर्ग यांच्याच धर्मादाय संस्थेने आधी घेऊन ठेवली होती. हे नीट लक्षात ठेवावं. धंद्याने जोखीम घेणारा माणूस जोखमीची सोय लावूनच घराबाहेर पडतो.

पायरी दुसरी: आपण कुठे आलो आहोत ते पाहावं

आपल्या राज्यातही हे झालं आहे. डिसेंबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी करार केला. शहरातली आरोग्यसेवा सुधारायची, ठरलेली उद्दिष्टं गाठली तरच महापालिका खर्च उचलणार. निकालाचे पैसे सरकारी संस्था देणार असा भारतातला पहिलाच बाँड म्हणून त्याचा गाजावाजा झाला.

पण पिंपरी-चिंचवड म्हणजे आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका म्हणून मिरवलेलं गाव. लातूरचं तसं नाही. त्या कराराच्या साडेचार वर्षं आधी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलं. पहिल्या खेपेत ५ लाख लिटर. त्याच उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांपाशी गर्दी नको म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. आता गुंतवणूकदाराचा पहिला प्रश्न असतो, ‘निकाल लागल्यावर पैसे देणार कोण?’ यावर ‘आमची घरपट्टी’ असं उत्तर लातूर किंवा नांदेडच्या महापालिकेने दिलं, तर तो परतीच्या गाडीची वेळ विचारतो.

बरं, मागास म्हणून काही पदरात पडेल म्हणावं, तर नीती आयोगाने २०१८ साली आकांक्षित जिल्हे निवडले त्यांत महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबाद. नांदेड-लातूर त्यात नाहीत. म्हणजे श्रीमंतांच्या पंगतीत पाट नाही आणि गरिबांच्या रांगेतही नंबर नाही. अशा मधल्या जिल्ह्यांसाठीच खरं तर ही पुस्तिका आहे.

कंपन्यांच्या सामाजिक निधीकडे डोळे लावू नयेत असं नाही, पण मान दुखेपर्यंत लावू नयेत. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपनीने सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात आणि त्यात आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. परिसर म्हणजे पुण्याजवळचं चाकण. कारखाना तिथे, निधी तिथे. शिवाय या पैशावर कंपनीला नफा खिशात घालता येत नाही, म्हणून ती बाँडची गुंतवणूकदार व्हायला राजी नसते. निकाल लागल्यावर पैसे देणारी होऊ शकते. तसं सुचवून पाहावं. चहा चांगला मिळतो.

सोशल स्टॉक एक्स्चेंज हाही एक रस्ता आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पात त्याची घोषणा झाली, २०२२ साली सेबीने नियम केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये बंगळुरूची एक संस्था तिथे पहिल्यांदा सूचिबद्ध झाली. इथे ‘झिरो कूपन झिरो प्रिन्सिपल’ नावाचा कागद मिळतो. व्याज शून्य आणि मुद्दलही शून्य. नांदेडच्या वजिराबादेतल्या व्यापाऱ्याला हे समजावायला जाऊ नये. तो म्हणेल, ‘वर्गणी म्हणा की सरळ,’ आणि पावतीपुस्तक मागेल.

पायरी तिसरी: सोपा निकाल निवडावा

इथे नवशिके हमखास घसरतात. ‘कुपोषण कमी करू’, ‘बालविवाह थांबवू’ असं काहीतरी भव्य लिहून बसतात. निकाल असा निवडावा की जो आपण काही केलं नाही तरी लागेल.

अमेरिकेतल्या युटा राज्यात हे फार सुंदर जमलं. चार वर्षांच्या ११० मुलांना पुढे विशेष शिक्षण लागेल असं आधी ठरवलं, मग त्यांना बालवाडीत घातलं. पुढे ११० पैकी १०९ जणांना विशेष शिक्षण लागलं नाही असं जाहीर झालं आणि गुंतवणूकदाराला पैसे मिळाले. जाणकारांनी मग हळूच विचारलं, की यातल्या बहुतेकांना ते मुळातच लागणार नव्हतं, त्याचं काय? पैसे तोवर पोचले होते.

लातूरकरांना यात शिकवण्यासारखं काही नाही. अंबाजोगाई रोडवरून एक चक्कर मारावी. दोन्ही बाजूंच्या फलकांवर गेल्या वर्षीच्या ‘नीट’ परीक्षेत चमकलेल्या मुलांचे फोटो दिसतील. दहावीला पंचाण्णव टक्के मिळवलेलं पोरगं उचलायचं, फी माफ करायची आणि निकाल आपल्या नावावर लावायचा, हे शास्त्र या शहराने केव्हाच आत्मसात केलं आहे. लातूर पॅटर्नमागच्या जुन्या प्राध्यापकांचे कष्ट खरे होते, ते वेगळं. पण निकालावर पैसा ठरला की शिकवण्यापेक्षा निवडण्याला भाव येतो, हे इथलं कुठलंही वसतिगृह सांगेल.

तेव्हा गाव निवडताना किनवट-माहूरच्या बाजूला जाऊ नये. जंगल, डोंगर, कोलाम-गोंडांचे पाडे, बंजाऱ्यांचे तांडे. तिथे एका गरोदर बाईच्या नोंदीमागे जेवढा वेळ लागतो तेवढ्यात नांदेड शहरालगतच्या गावात दहा बायकांच्या नोंदी होतात. संस्थेला दर नोंदीमागे पैसे मिळणार असतील तर ती कुठे काम करील हे सांगायला मूल्यमापक लागत नाही. अडचण एवढीच, की काम किनवटला आहे.

आणखी एक. निकाल नेहमी आपल्या हातातला असावा. गावातली बाई दवाखान्यात पोचवणं हे एकाचं काम, दवाखान्यात तिचं बाळ जगवणं दुसऱ्याचं. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले, त्यांत जवळपास निम्मी लहान बाळं होती. हिंगोली, परभणी, यवतमाळ आणि तेलंगणातूनसुद्धा रुग्ण जिथे आणतात अशी ती जागा. त्यातल्या एखाद्या बाळाच्या गावात कोणीतरी नऊ महिने वेळच्या वेळी सगळी काळजी घेतलेली असणार. अशा वेळी कुणाच्या नापासाची खूण कुणाच्या वहीत करायची, याला बाँडच्या करारात कलम सापडलेलं नाही.

पायरी चौथी: बेसलाइन दिवाळीनंतर घेऊ नये

काम सुरू होण्याआधी गावची स्थिती मोजतात, तिला बेसलाइन म्हणतात. ती दिवाळीनंतर घेतली तर मुखेड, कंधार, जळकोटकडच्या तांड्यांवर म्हातारी माणसं आणि शेळ्या भेटतील. बाकीचे मुकादमाची उचल फेडायला कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेले असतात. पोरांचं वजन कारखान्याच्या फडात आणि नाव गावच्या अंगणवाडीत. मोजणारे पुण्याहून येतात, त्यांना सोयीचा महिना डिसेंबर. हवा छान असते.

पायरी पाचवी: लेखाशीर्ष

इथे दोन मिनिटं शांत बसावं, पाणी प्यावं.

बाँडचे पैसे निकाल लागल्यावर, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षी द्यायचे असतात. सरकारचं वर्ष ३१ मार्चला संपतं. जिल्हा नियोजन समितीतून मिळालेला निधी वेळेत खर्ची पडला नाही तर परत जातो, म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोषागारात रात्री बारापर्यंत दिवे असतात. अशा घरात ‘हे दोन कोटी बाजूला ठेवा, निकाल लागला तर चार वर्षांनी देऊ, नाहीतर देणार नाही’ असं म्हणून पाहावं. लेखाधिकारी चष्मा काढतील आणि विचारतील, ‘साहेब, लेखाशीर्ष कोणतं?’

याला उत्तर नाही. म्हणूनच भारतातल्या बहुतेक बाँडांत निकालाचे पैसे सरकारने दिलेलेच नाहीत. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ मध्ये मुलींच्या शिक्षणाचा बाँड झाला. शाळा सरकारी, पण गुंतवणूकदार एका स्विस बँकेची संस्था आणि पैसे देणारी संस्था लंडनची. निकाल ठरल्यापेक्षा सरस लागला; गुंतवणूकदाराला मुद्दल आणि वर दरसाल १५ टक्के मिळाले. २०२१ च्या स्किल इम्पॅक्ट बाँडमध्ये तर आपलं राष्ट्रीय कौशल्य विकास महामंडळ स्वतःच जोखीम घेणाऱ्यांच्या बाकावर जाऊन बसलं. निकालाचे पैसे द्यायला परदेशी संस्था, एक बँक आणि एका उद्योगसमूहाचा न्यास. चार वर्षांनी आपली बदली कुठे झालेली असेल, हाही प्रश्न आहे. लंडनच्या संस्थेची बदली होत नाही.

पायरी सहावी: गुंतवणूकदार शोधावा

आपण मुंबईला फोन लावत असाल. ठेवावा. गुंतवणूकदार खाली व्हरांड्यात उभा आहे.

तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात आशांची, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविकांची, महिन्याची बैठक असते त्या दिवशी जावं. गुलाबी साडी, काखेत रजिस्टर, पिशवीत हिमोग्लोबिनच्या पट्ट्या आणि स्वतःच्या पैशाने केलेल्या झेरॉक्स. २००५ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत आशाला पगार नाही, ‘मोबदला’ आहे, आणि तो कामागणिक आहे. पात्र गरोदर बाईची वेळेवर नोंदणी, तपासण्या आणि दवाखान्यात बाळंतपण पार पडलं तर ग्रामीण भागात ६०० रुपये. बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत ठरलेल्या सगळ्या भेटी देऊन बाळाचं वजन-तापमान लिहिलं तर २५०. क्षयरोग्याने औषधाचा कोर्स पूर्ण केला तर १०००. मधेच सोडून तो हैदराबादला बांधकामावर गेला, तर ‘पूर्ण’च्या रकान्यात काही लिहिता येत नाही. तीन महिने रोज संध्याकाळी त्याच्या दारात जाऊन गोळी गिळवली होती, हे लिहायला रकानाच नाही.

आता पायरी पहिली पुन्हा काढावी. खिशातून आधी खर्च, काम होईल की नाही ही जोखीम, तिसऱ्याने पडताळणी, निकाल लागला तर पैसे. देशात असला पहिला बाँड २०१५ साली आला म्हणतात. आपल्या तालुक्यात तो त्याच्या दहा वर्षं आधीपासून अनवाणी हिंडतो आहे. फरक दोनच. हिला कुठल्या ब्लूमबर्गची हमी नाही, आणि निकाल लागला तरी वर काही मिळत नाही.

उदाहरण घ्यावं. किनवटकडच्या पाड्यावर रात्री बाईला कळा सुरू होतात. रेंज नाही. आशा तिला जीपमध्ये घालते. जीपवाल्याला आत्ता द्यायला तिच्याच पदरचे पाचशे रुपये असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रातून उपजिल्हा रुग्णालयात पाठवतात, तिथून नांदेडला, शंभर किलोमीटरच्या पुढे. सकाळी पोरगी होते, दोघी सुखरूप. आशा दुपारी एसटीने परत येते. मग सुरू होतो कागद: प्रसूतीचा दाखला, आधार, पासबुकाची झेरॉक्स, एएनएम सिस्टरची सही, गटप्रवर्तकाची सही. हे सगळं महिनाअखेरीच्या क्लेममध्ये लागतं. आणि त्यानंतर हा संवाद, जो आपण कान देऊन ऐकावा:

‘सर, मागच्या तीन महिन्यांचं आलंच नाही की हो.’

‘ताई, वरूनच ग्रँट नाही. आलं की टाकायलोच.’

‘कवा येईल मग?’

‘मला कळलं तर तुम्हाला सांगणार नाही का?’

सर खोटं बोलत नसतात. त्यांच्याकडे खरोखरच आलेलं नसतं.

आता काही रक्कम दरमहा ठरावीक मिळते, हे सांगितलं पाहिजे. त्यातली मोठी वाढ बाँडमुळे नाही, आझाद मैदानामुळे मिळाली. २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला राज्यातल्या आशांनी संप केला, मुंबईत ठाण मांडलं, आणि मार्च २०२४ मध्ये राज्याने महिना ५००० रुपयांची वाढ मान्य केली. निकालावर पैसे घेणाऱ्या गुंतवणूकदाराने ठरावीक पगार मागावा, हे शास्त्राला धरून नाही. गोल्डमन सॅक्सला अजून मैदानात बसावं लागलेलं नाही.

आशा एकटीच नाही. घरकुलाचा लाभार्थी आधी जोतं बांधतो, ते मोबाइलमध्ये जिओटॅग होतं, मग पुढचा हप्ता. शौचालय आधी बांधायचं, फोटो चढवायचा, मग १२ हजार. शेततळं आधी खणायचं. पोकरा, म्हणजे जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ साली मराठवाडा-विदर्भात सुरू झालेला कृषी संजीवनी प्रकल्प. त्यातही शेतकऱ्याने ठिबक आधी स्वतःच्या पैशाने बसवायचं, मोका तपासणी झाली की अनुदान खात्यात. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर ज्यांची घरं दुरुस्त होण्यासारखी होती, त्यांनाही मदत टप्प्याटप्प्याने, काम पाहून मिळाली. हप्त्याच्या आधीची वाळू-सिमेंट कुठून आली? सावकाराकडून, बचत गटाकडून, बायकोच्या मणी-मंगळसूत्रावर. गटातून घेतलं तर शेकडा दोन रुपये महिना; वर्षाला चोवीस टक्के झाले. सरकारी निकालाची वाट पाहण्याचं व्याज हा माणूस भरतो. पीटरबरोला १७ गुंतवणूकदार मिळाले म्हणून जगभर निबंध लिहिले गेले. मुखेडच्या बसस्टँडवरच तेवढे भेटतात.

याचा अर्थ तपासणीच करू नये असा नाही. न खणलेली शेततळी आणि कागदावरची शौचालयं आपण सर्वांनी पाहिली आहेत. फोटो मागायला लागल्यापासून ती कमी झाली. निकाल पाहून पैसे द्यावेत. पण जोखीम घेणाऱ्याला मोबदला मिळतो हा बाँडचा पहिला नियम असेल, तर तो कोट घातलेल्या गुंतवणूकदारालाच लागू करून कसं चालेल, एवढंच विचारायचं आहे.

पायरी सातवी: प्रस्ताव सादर करावा

प्रस्ताव दोन पानांचा असावा, तिसरं पान मंत्रालयात वाचत नाहीत. पहिल्या पानावर ‘नावीन्यपूर्ण’, ‘परिणामाधारित’ आणि ‘पथदर्शी’ हे तीन शब्द यावेत. दुसऱ्या पानावर हिशेब.

हिशेब असा. समजा एका आशाचे ३००० रुपये चार महिने अडकले. भिलवाड्याच्या गुंतवणूकदाराला मिळालेला १५ टक्के दर धरला तर तिचं व्याज होतं १५० रुपये. राज्यात आशा आहेत सुमारे ७० हजार. सगळ्यांचं मिळून होतात १ कोटी ५ लाख. एका सचिवाने परिषदेला जाऊन यावं एवढी ही रक्कम नाही असं नाही. चार-पाच सचिवांचे दौरे निघतील. पण देशात पहिल्यांदाच सरकारने निकालाच्या उशिरावर व्याज दिलं, अशी बातमी मात्र छापून येईल, आणि पिंपरी-चिंचवडवाल्यांना ती पाहायला इकडे यावं लागेल.

क्लेम पंधरा दिवसांत निघाला तर व्याज द्यावंच लागणार नाही, हेही त्यात एका ओळीत लिहावं. वित्त विभागाला बचत आवडते.

फाइल वर गेली की साधारण सहा आठवड्यांनी खाली येईल. शेऱ्याच्या जागी हिरव्या शाईत एकच ओळ असेल, लेखाशीर्षाबद्दल. तेव्हा पायरी पाचवी पुन्हा वाचावी, आणि तोवर व्हरांड्यात बाकडी टाकून घ्यावीत. बैठकीच्या दिवशी दीडशे बायका येतात आणि खुर्च्या बारा आहेत. बाकड्यांना लेखाशीर्ष आहे. ‘कार्यालयीन खर्चा’त ती बसतात.